पहिल्या खेपेला रक्तदाब वाढला होता. या वेळी ॲस्पिरिन घ्यावी का?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)
माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियनने करावे लागले. पायांची सूज उन्हाळ्यामुळे असेल, असे समजून आम्ही गप्प बसलो आणि जळगावला नेले तेव्हा रक्तदाब 170/110 होता, लघवीतून प्रथिने जात होती. आता तिला पुन्हा दिवस गेले असून बारावा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन सांगितली आहे. पण ही हृदयविकाराची गोळी आहे, तिने रक्त पातळ होते, असे म्हणून तिच्या सासूबाईंनी पाकीट कपाटात ठेवून दिले आहे. या गोळीमागे नेमके कोणते संशोधन आहे?

उत्तर 1 (धुळे, स्त्रीरोगतज्ज्ञ)
वार रुजत असताना गर्भाशयातील आईच्या रक्तवाहिन्या रुंदावाव्या लागतात. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे बहिणीला झालेल्या, गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकारात, विशेषतः तो लवकर उद्भवतो तेव्हा, हे काम बहुधा अपुरे राहिलेले असते. म्हणूनच ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करायची असते आणि तिला कपाटात ठेवणे परवडणारे नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ या चाचणीत जास्त जोखमीच्या 1776 स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36 आठवड्यांपर्यंत रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. या विकारासह 37 आठवड्यांपूर्वी बाळंतपण होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात 4.3 टक्के, तर ॲस्पिरिनच्या गटात 1.6 टक्के होते. मात्र 37 आठवड्यांनंतर होणारा प्री-एक्लॅम्पसिया लक्षणीय कमी झाला नाही, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते.
सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही. स्वीडनमधील मोठ्या नोंदींत ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये बाळंतपणाच्या वेळचा रक्तस्राव किंचित अधिक आढळला. बहिणीचा पूर्वेतिहास पाहता पारडे गोळीच्या बाजूने झुकते, पण दमा, पोटातील व्रण किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

उत्तर 2 (अमळनेर, निवृत्त परिचारिका)
गोळी चालू आहे म्हणून तपासणी चुकवू नये. आमच्या वेळी परीक्षानळीतील लघवीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवून त्यात ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकत असू. पांढरा गढूळपणा तसाच राहिला, की बाईला घरी पाठवायचे नाही. आता पट्टीचा रंग पाहून तेच कळते. रक्तदाब पाच मिनिटे बसवून, पाठीला टेका देऊन, दंड उघडा ठेवून घ्यावा. ब्लाउजच्या घट्ट बाहीवर पट्टा बांधून घेतलेल्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर रात्र असली तरी निघावे. या विकारात येणाऱ्या झटक्यांचा धोका मॅग्नेशियम सल्फेटने निम्म्याहून कमी होतो, हे 2002 साली 33 देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ चाचणीत दिसले. पण ते इंजेक्शन रुग्णालयातच मिळते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. सासूबाईंना उत्तर वाचून दाखवले; पाकीट बहिणीच्या उशाशी आले आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी तिला बद्धकोष्ठ होते. त्या कमी केल्या तर चालेल का?

उत्तर 1
स्वतःहून नको, डॉक्टरांना विचारून ठरवावे. बंगळूरु आणि टांझानिया येथील चाचण्यांत रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हे प्री-एक्लॅम्पसिया रोखण्यात 1500 मिलिग्रॅमपेक्षा उणे ठरले नाही. मात्र त्यांत पहिलटकरणीच होत्या आणि बहिणीची ही दुसरी खेप आहे.