मदत हवी आहे : ‘उत्स्फूर्त’ या शब्दाचा नेमका अर्थ आणि घडण

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरातील शालेय विद्यार्थ्यांच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी नियमपत्रक तयार करताना ‘उत्स्फूर्त भाषण’ असा शब्दप्रयोग केला असून, तो योग्य आहे का, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

‘स्फुर्’ या संस्कृत धातूत थरथरणे, लकाकणे, मनात एकाएकी उमटणे असे अर्थ आहेत; स्फुरण आणि स्फूर्ती हे शब्द त्याचेच. मागे ‘उद्’ हा उपसर्ग लागला, पुढील ‘स’मुळे ‘द्’चा ‘त्’ झाला, म्हणून ‘उत्स्फूर्त’ हेच रूप शुद्ध. ‘उस्फूर्त’ नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगायला हवे.

अडचण अर्थाची आहे. ‘शहरात उत्स्फूर्त बंद’ असे आपण वाचतो, तेव्हा त्या बंदची हाक आदल्या दिवशीच दिलेली असू शकते; म्हणजे तेथे पूर्वतयारीचा अभाव अभिप्रेत नसून कोणाची सक्ती नव्हती, एवढेच सांगायचे असते. उलट, विषयाची चिठ्ठी उचलून लगेच बोलायचे, यात तयारी नसणे हाच मुख्य मुद्दा आहे, मग आतून स्फुरो वा न स्फुरो. त्यासाठी मला ‘आयत्या वेळचे भाषण’ अधिक नेमके वाटते. ‘शीघ्र’ हा शब्द कवितेसोबत शोभतो, तर ‘हजरजबाबी’ हा मूळ अरबी शब्दांवरून आलेला असून तो प्रत्युत्तरापुरताच आहे.

‘विनातयारी’ आणि ‘विनासक्ती’ यांपैकी ‘उत्स्फूर्त’चा मराठीतील आधीचा अर्थ कोणता? शिवाय, आयते म्हणजे तयार मिळालेले असताना ‘आयत्या वेळी’ला तयारी नसल्याची छटा कशी आली? जुन्या लेखनातील उदाहरणे दिल्यास मोठी मदत होईल.