आयव्हीएफनंतर ओएचएसएस (औषधांनी ओव्हरीज अतिउत्तेजित होणं) – आयसीडी-१० डायग्नोसिस कोड एन९८.१ की एन९८.३? सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार, पुण्यात यूएस क्लायंटचं ईआर कोडिंग करते (इमर्जन्सीच्या चार्टवरून बिलासाठी डायग्नोसिस कोड लावणं), सीपीसी ही कोडरची परीक्षा पास होऊन सातच महिने झालेत. कालचा एक चार्ट ऑडिटमधून परत आलाय आणि डोकं चालेनासं झालंय. पेशंटचं एग रिट्रीव्हल (ओव्हरीतून बीजं काढणं) होऊन बारा दिवस, मधे एम्ब्रियो ट्रान्सफरही झालेलं, ईआरला आली तेव्हा पोट टम्म फुगलेलं, दोन दिवसात वजन तीन किलो वाढलं, आडवं झालं की श्वास लागतोय. डॉक्टरने डायग्नोसिस ओएचएसएस लिहिलंय. ट्रान्सफर झालंय म्हणून मी एन९८.३ टाकला आणि वर झेड३१.८३. नक्की कुठे चुकले? जाणकारांनी सांगा प्लीज.

जुना_कोडर:
ताई, एन९८.३ फक्त ट्रान्सफर करतानाच काही बिघडलं तर. इथे त्रास ओव्हरीजना झालाय, म्हणजे एन९८.१. वर 'आर्टिफिशियल फर्टिलायझेशन' असं हेडिंग आहे म्हणून बरेच जण बिचकतात पण त्याखाली ओव्ह्युलेशन इंडक्शनने झालेलं हायपरस्टिम्युलेशनही येतं, नुसती इंजेक्शनं घेऊन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) केलेल्या बाईलाही हाच कोड. झेड३१.८३ आयव्हीएफसारख्या उपचाराच्या सायकलच्या व्हिजिटसाठी असतो, ईआरला काढून टाका. आणि 'सस्पेक्टेड ओएचएसएस' लिहिलं असतं तर आउटपेशंटला तो कोडच करायचा नाही, फक्त लक्षणं कोड करायची, हे कायम लक्षात ठेवा.

मेधा_नवी_मुंबई:
+१, पण एक विचारते, ती प्रेग्नंट आहे का? बारा दिवस म्हणजे लेट ओएचएसएस असू शकतं, तो बहुतेक वेळा गर्भाच्याच एचसीजीमुळे (प्रेग्नन्सीचं हार्मोन) भडकतो. तसं असेल तर सगळं बदलतं, चॅप्टर १५ (प्रेग्नन्सीचे ओ-कोड) आधी येतो, ओ९९.८९१ पहिला, मग एन९८.१, आणि प्रेग्नन्सीचे आठवडे माहीत असतील तर त्यांचा कोड झेड३ए. प्रेग्नन्सीचा या त्रासाशी संबंध नाही असं डॉक्टरने स्वतः लिहिलं तरच झेड३३.१, ते आपण ठरवायचं नाही.

रानजाई:
अगं मेधाताई, चार्ट परत उघडला तर लॅब शीटवर बीटा एचसीजी २१२ आहे!! पण नोटमध्ये प्रेग्नन्सीचा शब्दही नाही. टाकू का ओ-कोड?

मेधा_नवी_मुंबई:
नाही गं, लॅबचा आकडा पाहून आपण डायग्नोसिस ठरवायचं नाही. प्रोव्हायडरला (म्हणजे त्या डॉक्टरला) क्वेरी टाक, आणि प्रश्न मोकळा ठेव, 'प्रेग्नंट आहे ना' असं त्याच्या तोंडात घालू नकोस, रिपोर्टचा आकडा दे आणि याचं क्लिनिकल महत्त्व काय ते लिहा असं विचार. उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेव, टीएटीसाठी (चार्ट संपवायची मुदत) टीएल (टीम लीड) ओरडला तरी. चुकीच्या कोडवर क्लेम डिनाय झाला तर बिल त्या बाईच्या घरी जाऊ शकतं आणि ती आत्ता काय काय सोसतेय ते मला माहितीये, माझ्या बहिणीने तीन सायकल्स केल्यात.

रानजाई:
टाकली क्वेरी. टीएललाही सांगितलं. उत्तर आलं की इथेच लिहिते.