सव्वा वर्षाच्या बाळाला ‘अर्ली लर्निंग’ वर्गाला घालावे का?

सदाफुली :
आमची मुलगी सव्वा वर्षाची आहे. पुण्यात आमच्या सोसायटीजवळ सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी एक वर्ग सुरू झाला असून, तेथे आठवड्यातून दोनदा पाऊण तास पालकांनी बाळासह बसायचे असते. फ्लॅशकार्ड, संगीत, ठोकळे असे सगळे आहे. तीन महिन्यांचे शुल्क मात्र आमच्या महिन्याच्या घरभाड्याएवढे आहे. मेंदूची वाढ पहिल्या तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते, ही संधी पुन्हा येत नाही, असे तेथे सांगितल्यापासून मन अस्वस्थ आहे. घरात आम्ही दोघेच, आजी-आजोबा गावी. वर्ग लावला नाही तर तिचे खरोखर नुकसान होईल का?

बालवाडीताई :
नुकसान होणार नाही, हे आधी निःशंकपणे सांगते. मेंदूच्या वाढीबद्दल सांगितले ते खरे आहे. पण ती वाढ कशाने होते, हे तुम्हाला सांगितलेले दिसत नाही. बाळांच्या भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, तेव्हा अवघ्या १२ सत्रांत त्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणे चित्रफितीतून ऐकवले, तेव्हा काहीच साधले नाही. तुम्ही पोळ्या करताना कणकेचा छोटा गोळा तिच्या हाती दिलात, तिने तो दाबला, थापला, तुमच्याकडे पाहून काही उच्चारले आणि तुम्ही त्याला उत्तर दिलेत, की त्या वयाचा पाठ झाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे साधन होते. ती मुले तुमच्या लेकीपेक्षा मोठी होती, तरी महागड्या साहित्यावाचून शिक्षण अडत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

उत्तररात्र :
ताईंशी सहमत आहे, पण लहान वयातले शिक्षण निरुपयोगी असते, असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये १९७२ साली सुरू झालेल्या ‘अबेसिडेरियन’ प्रकल्पात गरीब कुटुंबांतली १११ मुले होती. त्यांपैकी निम्म्या मुलांना तान्ह्या वयापासून पाच वर्षांपर्यंत, आठवड्याचे पाच दिवस, दिवसभर सांभाळून शिकवले गेले आणि मोठेपणी पदवीपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण त्या मुलांत कितीतरी अधिक आढळले. अशा संशोधनाचा दाखला देऊन आठवड्यातल्या दीड तासाचे शुल्क मागणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. खरी गरज आहे ती जेथे आई-वडील दोघेही दिवसभर मजुरीला जातात तेथे, चांगल्या पाळणाघरांची आणि अंगणवाड्यांची. त्याबद्दल आपण मध्यमवर्गीय फारसे बोलत नाही, याची खंत वाटते.

रानजाई :
मी असा वर्ग वर्षभर केला आणि मला तो उपयोगी पडला, हेही नोंदवते. मुलाला गाणी घरीही ऐकायला मिळत होती; परंतु दिवसभर एकटीने बाळ सांभाळताना माझ्यासारख्याच चार आया भेटणे, याचे मोल मला फार होते. तुमचीही हीच गरज असेल, तर एक सत्र आधी बसून पाहा. मूल मध्येच उठून खिडकीकडे गेले, तर शिक्षिका त्याच्यामागे जाऊन त्याच्याशी खिडकीबाहेरचे बोलते की त्याला पुन्हा कार्डांसमोर आणून बसवते, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. टीव्ही किंवा मोबाइलचा पडदा मुलांसमोर लावत असतील तर मात्र जाऊच नका, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक वर्षाच्या मुलांसाठीही पडद्यासमोर बसणे योग्य नाही.

सदाफुली :
सर्वांचे मनापासून आभार. ती अजून ‘आई’ किंवा ‘बाबा’ असे स्पष्ट म्हणत नाही, हेही माझ्या चिंतेचे एक कारण होते. त्यासाठी वर्गाचा उपयोग होईल का?

बालवाडीताई :
त्यासाठी वर्गावर विसंबू नका. ती बोट दाखवते का, हाक मारल्यावर वळते का, हे पाहा. यांपैकी काही होत नसेल, किंवा सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्या. त्यात उशीर नको.