साक्षीच्या आधी जबाब वाचला तर काय पाप झालं?

गॅलरीतला साक्षीदार : परवा एका शहाण्याने लिहिलं, 'साक्षीआधी सरकारी वकिलाला भेटणं, जबाब वाचणं म्हणजे पढवलेली साक्ष. खऱ्या माणसाला तयारी लागत नाही.' डोकंच फिरलं. बाबा रे, पिंजऱ्यात उभा राहिलायस कधी? आमच्या गल्लीतल्या मारामारीत एकाचं डोकं फुटलं, ते मी गॅलरीतून पाहिलं. समन्स आलं सहा वर्षांनी. उलटतपासात वकील म्हणाले, "जबाबात काठी, आज पाइप. नक्की काय?" सगळं कोर्ट हसलं. आणि तो जबाब तरी माझा होता का? 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' असं मी जन्मात बोललेलो नाही!

सांजवात : तो शहाणा मीच. पोलिसांपुढचा जबाब मुळात पुरावा नाही, साक्षीतली विसंगती दाखवायला वापरतात. म्हणून तर त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. तोच घोकून गेलात की पहिला प्रश्न येतो, "आज जबाब वाचून आलात ना?" मग बसा घाम पुसत. काठी की पाइप आठवत नव्हतं, तर 'आठवत नाही' म्हणायला काय जात होतं?

बाररूमवाला : दोघेही अर्धवट. भेटण्यात गैर नाही, शिकवण्यात आहे. आणि साक्षीदार माती खातात ती पिंजऱ्यात. प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात, वकिलाशी भांडतात. "तुम्ही तिथे नव्हता हे खरं नाही का?" यावर मुंडी हलवून मोकळे. कळलं नाही तर परत विचारायला सांगा. हळू बोला, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगत असतात. साक्ष शेवटी वाचून दाखवतात, तेव्हा घड्याळ बघू नका. चूक असेल तर तिथेच सांगा.

वडापाववाला पंच : पंचांचं कोण बोलणार? गाड्यावर होतो, हवालदार म्हणाला, "शेठ, दोन मिनिटं." पंचनामा तयारच, फक्त सही. पुढे आठ वर्षांत अकरा तारखा. कधी आरोपी गैरहजर, कधी वकिलांना ताप, कधी साहेब रजेवर. भत्त्यात परतीची रिक्षा होत नाही. एकदा आरोपी जिन्यात माझ्याच शेजारी तंबाखू मळत उभा! शेवटी सांगून टाकलं, सही माझी, मजकूर माहीत नाही. लगेच फितूर ठरलो, आणि सरकारी वकीलच माझा उलटतपास घ्यायला लागले.

सांजवात : न वाचता सही केलीत, हे अभिमानाने सांगताय?

वडापाववाला पंच : अभिमान गेला खड्ड्यात. तुम्ही त्या हवालदाराला नाही म्हणून दाखवा. तुमचा पगार चालू राहील, माझा गाडा संध्याकाळी उचलतील.

बाररूमवाला : १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. फरक पडेल.

वडापाववाला पंच : मोबाइल कोण धरणार? मीच ना?

नणंदेची वहिनी : फितूर म्हणताना जरा जपून. माझी नणंद साक्षीदार होती. तारखेच्या आदल्या रात्री आरोपीचे काका पेढे घेऊन घरी आले. धमकी नाही, काही नाही. मुलं कुठल्या शाळेत जातात, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तिला काहीच आठवलं नाही. तिला काय सांगू, जबाब वाच म्हणून?

सांजवात : वाईट वाटलं. पण २००२ च्या गुजरात दंगलीतला बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तो मुंबईत नव्याने चालवायला लावला, तरी मुख्य साक्षीदार फिरलीच. २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला वर्षाची कैद झाली.

नणंदेची वहिनी : घाबरणाऱ्यालाच कैद, वा!

बाररूमवाला : ताई, साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. तारखेची वाट बघायची नाही, पेढे आले की लगेच तपास अधिकाऱ्याला कळवायचं.

नणंदेची वहिनी : अर्जावर निर्णय होईपर्यंत मुलांना शाळेत कोण सोडणार, समिती?

सांजवात : बरं, हरलो. वाचा जबाब, पारायण करा. पण कोर्टात विचारलं तर 'हो, वाचला' म्हणा.

गॅलरीतला साक्षीदार : उपकार झाले.

वडापाववाला पंच : इथे वाद चाललाय आणि मला आज नवीन समन्स आलंय. केस दुसरीच. त्या दिवशी हवालदाराने दोन कागदांवर सह्या घेतल्या होत्या, हे आत्ता कळतंय.