तळघराच्या खिडकीतून पहाटे गार वारं येतंय, काय बसवावं?

शहापूर, बेळगाव
आमचं घर उतारावर आहे. पुढून बघितलं तर एक मजला, मागून दोन. खालची खोली अर्धी जमिनीत. पूर्वी तिथं माग होता, आता आई झोपते, कारण मागच्या अंगणातून सरळ आत येता येतं, जिना चढावा लागत नाही. छताखाली दोन बुटक्या खिडक्या आहेत, सागवानी चौकट आणि एकेरी काच. डिसेंबर लागला की पहाटेचं पूर्वेचं वारं नेमकं तिच्या डोक्यावर येतं, आणि तिला दमा आहे. गेल्या वर्षी फटीत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, पण त्यांनी ओल धरली आणि खोलीत कुबट वास सुटला. दुकानात फोमची टेप, सिलिकॉन, फवारायचा फोम असं बरंच दाखवतात. कुठं काय लावायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

टिळकवाडी
ताई, आधी वारं कुठून शिरतंय ते शोधा. वारं सुटलेलं असताना उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं वाकतो तिथं खूण करा. मग कागदाची पट्टी मध्ये धरून खिडकी बंद करा. ती सहज ओढून निघाली तर पल्ला तिथं टेकत नाही. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट वेगळी, चौकट आणि भिंत यांच्यातली वेगळी. पहिलीला पट्टी लागते, दुसरीला सीलंट. माझ्या घरी भिंतीकडूनच जास्त वारं येत होतं आणि मी दोन वर्षं पल्ल्यावर टेप बदलत बसलो होतो.

खानापूर (सुतारकाम)
वरचं बरोबर आहे. आता लाकडाचं सांगतो, कारण इथंच लोक चुकतात. हिवाळ्यात लाकूड सुकून आकसतं, म्हणून आत्ता फट मोठी दिसते. जूनपासून आपल्याकडं पावसाची धार लागली की तोच पल्ला फुगतो. आज कडक पट्टी घट्ट बसवली तर पावसाळ्यात खिडकी लागणार नाही, मग कुणीतरी रंधा मारणार आणि पुढच्या थंडीत फट दुप्पट होणार. म्हणून दाबली जाईल अशी मऊ, पोकळ, डी आकाराची रबरपट्टी घ्या आणि पल्ला जिथं टेकतो त्या पतामात आतून चिकटवा. साधी फोमची टेप एक-दोन हिवाळ्यांत चपटी होते. चिकटवण्याआधी सुटलेला रंग खरवडा, धूळ पुसा, लाकूड कोरडं करा. बिजागरी सैल असेल तर आधी स्क्रू आवळा. काचेच्या कडेची लांबी (पुट्टी) वाळून गळली असेल तर तीही नवी भरा, त्या बारीक भेगेतून खूप वारं येतं.

भिंतीकडच्या बोटाएवढ्या फटीत फवारायचा फोम चालतो, पण थोडा थोडा मारा. तो फुगतो आणि जास्त भरला तर चौकट आत दाबतो, पल्ला अडकतो. बारीक भेगेला रंग लागणारं ऍक्रिलिक सीलंट बरं, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. आंबूस वासाचं सिलिकॉन वापरलंच तर वास जाईपर्यंत आईंना त्या खोलीत झोपवू नका.

निपाणी
एक विचारायचं राहिलं. त्या खोलीत किंवा शेजारी गॅस गीझर, शेगडी काही आहे का?

शहापूर, बेळगाव
होय, लागूनच न्हाणी आहे आणि तिथं गॅसचा गीझर. न्हाणीचं दार याच खोलीत उघडतं. कडाक्याच्या थंडीत आई कोळशाची शेगडीही मागते.

निपाणी
मग कृपा करून सगळं बंद करू नका. गीझर आणि शेगडी हवा खातात आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. शेगडी त्या खोलीत नकोच, उबेला गरम पाण्याची पिशवी द्या. गीझर न्हाणीबाहेर उघड्यावर हलवून घ्या, तोवर न्हाणीची जाळी बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालच्या खोलीतच साचतो, म्हणून सिलेंडरही तिथं नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावा.

टिळकवाडी
आणि काचेचं. फटी बुजल्या तरी एकेरी काच गारच राहते. आतून चौकटीवर वेल्क्रोनं पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा. मधे अडकलेली हवाच ऊब राखते, दुहेरी काचेचं तत्त्वही तेच. उन्हाळ्यात काढून ठेवता येतं. रात्री वरून घोंगडी किंवा जाड कौदी सोडा. पण भिंतीला ओल असेल तर आधी ती बघा, नाहीतर बंद खोलीत बुरशी धरेल आणि दम्याला ती थंडीपेक्षा वाईट.

शहापूर, बेळगाव
पंधरा दिवसांनी लिहितेय. उदबत्तीचा धूर डाव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वाकला. कडप्पा आणि चौकट यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी भेग होती, पल्ला बिचारा ठीक होता. तिथं फोम, वर सीलंट, पतामात रबरपट्टी आणि आतून प्लास्टिक केलं. गीझर अंगणात हलवला, शेगडी बंद. न्हाणीची जाळी उघडीच ठेवलीय. आई आता डोक्याला रुमाल न बांधता झोपते. उजव्या खिडकीचं प्लास्टिक मात्र चुन्याच्या भिंतीवरून सुटतंय, तिथं चौकट अरुंद आहे. काय करू?

खानापूर (सुतारकाम)
चुन्यावर काहीच धरत नाही. चौकटीभोवती लाकडाची पातळ पट्टी स्क्रूनं बसवा आणि वेल्क्रो तिच्यावर लावा.