ऑक्टोबर २०२५ : प्लेऑफ, फुटबॉल आणि आपापली भाकितं (अनुभव धागा)

एडिसनकर (धागाकर्ती), ३० सप्टेंबर

आजपासून अमेरिकेतल्या बेसबॉलचे प्लेऑफ (बाद फेऱ्या). इकडे अमेरिकन फुटबॉललाही चार आठवडे झाले. म्हणजे घरात दसऱ्याची तयारी, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं, सगळं एकदम सुरू. म्हटलं धागा काढावा. कोण जिंकणार ते सांगा, पण का जिंकणार तेही सांगा. आणि या खेळांच्या नादी कसे लागलात, कोणाबरोबर बघता, तेही लिहा. नुसतं 'डॉजर्स' (लॉस एंजेलिसचा संघ) एवढंच लिहून पळून जायचं नाही.

माझं मत आधी. १६२ गेम्स खेळून जो संघ चांगला ठरतो तो ऑक्टोबरात जिंकेलच असं नाही. वाइल्ड कार्डची (पहिल्या फेरीची) मालिका तीनच गेम्सची असते. त्यात एखादा पिचर (बॉल टाकणारा) तापला की सहा महिन्यांचा हिशोब पाण्यात. लांबच्या सीझनला पाच चांगले स्टार्टर (गेम सुरू करणारे पिचर) लागतात, इथे तीन पुरतात, आणि खरी परीक्षा असते बुलपेनची, म्हणजे मागून येणाऱ्या राखीव पिचरांची. म्हणून मी टेबल बघत नाही, नऊपैकी सातव्या इनिंगनंतर कोण बॉल टाकणार ते बघते.

या हिशोबाने न्यूयॉर्कच्या यांकीजचं नाव घ्यायला नको, पण घेते. नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ब्रॉंक्सला नेलं होतं, तेव्हापासून सुटका नाही.

चार्ल्सपलीकडचा (बॉस्टन), ३ ऑक्टोबर

ताई, अभिनंदन. पहिला गेम आम्ही, म्हणजे बॉस्टनचे रेड सॉक्स, यांकीजविरुद्ध ३-१ ने जिंकलो तेव्हा मी गप्प होतो, आता बोलतो. काल दसऱ्याचं सोनं वाटून घरी आलो आणि तुमच्या त्या श्लिटलर नावाच्या पोराने आठ इनिंगमध्ये आमचे १२ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. पोरगा आमच्याच मॅसॅच्युसेट्सचा, हे जास्त लागलं. ४-० आणि विषय संपला.

मी २००४ साली इथे विद्यार्थी होतो. यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे, चौथ्या गेमच्या नवव्या इनिंगमध्ये आमच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (फटका न लागताच धावून गाठला), तिथून चार गेम्स सलग जिंकले आणि पुढे १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका. तोवर मला बेसबॉल म्हणजे रटाळ प्रकार वाटायचा. होस्टेलमधली सत्तरीची केअरटेकर बाई रडताना पाहिली आणि यात काहीतरी आहे एवढं कळलं. तोच रॉबर्ट्स आता डॉजर्सचा मॅनेजर आहे. तेव्हा माझं भाकीत डॉजर्स. कारण दिलं आहे, चालतंय का बघा.

मिलवॉकीवासी, ४ ऑक्टोबर

आमच्या ब्रूअर्सचं कोणी नावच घेत नाही! ९७ विजय, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त. डॉजर्सशी या सीझनमध्ये सहा वेळा गाठ पडली, सहाही वेळा आम्ही जिंकलो. ऑगस्टमध्ये सलग १२ च्या पुढे गेलो तेव्हा जॉर्ज वेब हॉटेलवाल्यांनी जुना शब्द पाळून गावभर फुकट बर्गर वाटले. आम्ही शाकाहारी, पण रांगेत उभे राहिलो आणि आमचे बर्गर शेजारच्या आजोबांना दिले. ते १९८२ साली वर्ल्ड सिरीजच्या सातव्या गेममध्ये हरल्याचं दुःख अजून सांगतात. त्यानंतर ब्रूअर्स तिथवर पोचलेलेच नाहीत.

भाकीत : यंदा पोचणार. मोठं नाव एकही नाही, पण सगळे पळतात. साधा सिंगल मारायचा, बेस चोरायचा, समोरच्याला घाई करायला लावायची.

एडिसनकर, ९ ऑक्टोबर

टोरांटोच्या ब्लू जेजनी आम्हाला ३-१ ने काढलं. आमच्या जजचा तो खांबाला लागलेला होमर (होम रन, थेट मैदानाबाहेरचा फटका) सोडला तर मालिकेत आठवावं असं काही नाही. पहिल्या दोन गेम्समध्ये २३ रन दिल्यावर बुलपेनच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. पुढे चला.

हूजर पोरगा (ब्लूमिंग्टन), १२ ऑक्टोबर

फुटबॉलवर कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मी नाशिकचा, इंडियाना युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलो. ॲडमिशन घेताना सीनियर म्हणाले होते, इथे बास्केटबॉल बघायचं, फुटबॉलच्या दिवशी लायब्ररी मोकळी मिळते. अमेरिकेत सर्वांत जास्त पराभव नावावर असलेल्या कॉलेजांत आमची गणना व्हायची. मग सिग्नेटी नावाचे कोच आले आणि पहिल्याच सीझनमध्ये, २०२४ साली, संघ प्लेऑफमध्ये गेला. यंदा इलिनॉयला ६३-१० ने चोपलं आणि काल ओरेगनला त्यांच्याच मैदानावर ३०-२० ने हरवलं.

कॉलेज फुटबॉलमध्ये मला आवडतं ते हे की एकेका गेमवर अख्खं वर्ष टांगलेलं असतं. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) पाच हरूनही प्लेऑफला जाता येतं. इथे पूर्वी एक पराभव म्हणजे आशा जवळपास संपलीच. गेल्या वर्षीपासून १२ संघांचा प्लेऑफ झाल्यावर थोडी हवा खेळती झाली. ओहायो स्टेट गेल्या नोव्हेंबरात मिशिगनशी घरच्या मैदानावर १३-१० ने हरलं आणि तरीही जानेवारीत चॅम्पियन झालं. जुने लोक यावर चिडतात. मला तर हेच बरं वाटतं.

भाकीत : इंडियाना राष्ट्रीय विजेते. एकही गेम न हरता. हसा खुशाल. क्वार्टरबॅक (बॉल टाकून संघ चालवणारा) मेंडोझा घाबरत नाही आणि आमचे टॅकल (धरून पाडणं) फुकट जात नाहीत.

वाबाशकाठी (पर्ड्यू), १२ ऑक्टोबर

हसलो. शेजारधर्म म्हणून इतकंच. आमच्या संघाबद्दल कृपया कोणी विचारू नये.

मिलवॉकीवासी, १८ ऑक्टोबर

डॉजर्सविरुद्ध चारही गेम्स हरलो, प्रत्येकात आमचा एक रन. एकूण चार. सहापैकी सहाचा हिशोब कोणी काढू नका. काल त्यांच्या ओहतानीने स्वतः पिचिंग करून दहा जण स्ट्राइकआउट केले आणि वर तीन होमर मारले. एकाच माणसाने, एकाच संध्याकाळी! शेजारचे आजोबा म्हणाले, अशा माणसाकडून हरायला लाज कसली. मला मात्र वाटतं, पळायचं असेल तर आधी पहिल्या बेसवर तरी पोचावं लागतं. आमचे पोचलेच नाहीत.

डेन्वरची आजी, २० ऑक्टोबर

मी साताऱ्याची. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. नातू मोबाइलवर टाइप करून देतोय. काल रविवारी इथल्या मराठी मंडळींची दिवाळी होती आमच्याकडे. दुपारी ब्रॉंकोजची मॅच लावलेली. तीन क्वार्टर झाले तरी आपला भोपळा फुटेना, समोरच्या जायंट्सचे १९. जावई टीव्ही बंद करून पानं मांडायला लागले. मी म्हटलं, राहू द्या चालू, आवाज कमी करा. आणि मग शेवटच्या पंधरा मिनिटांत ३३ गुण! मध्ये पुन्हा मागे पडले, ३७ सेकंद उरलेले, तरी शेवटच्या किकवर ३३-३२. चकल्या तशाच राहिल्या.

मला यातलं आधी काही कळत नव्हतं. नातवाने सांगितलं, आजी, हे कबड्डीसारखं बघ. खरंच तसं आहे. क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आत मागेच धरून पाडतात ना, ती पकड. आमच्या संघाच्या पकडी सगळ्यांत जास्त आहेत म्हणे. मला वाटतं पकड चांगली असलेला संघ शेवटपर्यंत राहतो. आमच्या गावच्या मंडळाचं तसंच होतं. तेव्हा ब्रॉंकोज फार पुढे जाणार, असं माझ्या नावावर लिहा.

एडिसनकर, २० ऑक्टोबर

आजी, लिहिलं! (जायंट्स आमच्याच न्यू जर्सीत खेळतात. त्यांच्या किकरने टचडाउननंतरचा एक-एक गुण दोनदा घालवला. आमच्या इमारतीत काल कोणी कोणाशी बोललं नाही.)

पावसाळी (सिएटल), २१ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन. काल आमच्या मरिनर्सचा ब्लू जेजशी सातवा गेम. आणि कालच सीहॉक्सची घरच्या मैदानावर मंडे नाइट (सोमवार रात्रीची फुटबॉल मॅच). हे तिन्ही एका संध्याकाळी यावं, हा योग कुठल्या पंचांगात होता कोण जाणे.

मरिनर्स हा वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला एकमेव संघ. १९७७ पासून. यंदा कॅल रॅलीने कॅचर (विकेटकीपरसारखा) असून ६० होमर मारले. दहा तारखेला डेट्रॉइटविरुद्ध १५ इनिंग खेळून जिंकलो, तेव्हा आमच्या सोसायटीत लोक बाहेर येऊन ओरडत होते. टोरांटोत पहिले दोन्ही गेम्स जिंकलो, नंतर ३-२ ने पुढे होतो. काल सातव्या इनिंगपर्यंत ३-१. वर्ल्ड सिरीज आठ आउट दूर. मी आरतीचं तबक हातात घेऊन उभी, सासूबाई म्हणतात अगं ते बंद तरी कर. आवाज बंद केला. स्प्रिंगरचा तीन रनचा होमर आवाजाशिवायच गेला.

दोन जण बेसवर, समोर स्प्रिंगर, आणि आपला सर्वांत चांगला रिलीव्हर (राखीव पिचर) मुन्योझ बुलपेनमध्ये बसलेला. त्याला नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं. अहो, नववी इनिंग येण्याआधीच गेम गेला तर राखून काय करायचं? क्रिकेटमध्येही शेवटच्या ओव्हरसाठी बुमराह राखून एकोणिसाव्यातच हरतात ते असंच. धागाकर्तीचं बुलपेनचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

सीहॉक्स मात्र २७-१९ ने जिंकले. ते पाहायला घरात फक्त मुलगा जागा होता.

पेठेतला (पुणे), २८ ऑक्टोबर

मी तिकडे चार वर्षं होतो, आता परत आलोय पण डॉजर्स सुटले नाहीत. आपल्याकडे गेम पहाटे साडेपाचनंतर सुरू होतो, म्हणून बरं पडतं. चहा, गेम, आंघोळ, ऑफिस. आज डॉजर्स आणि ब्लू जेज यांच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा गेम चहाबरोबर सुरू केला. अंघोळ झाली, नाश्ता झाला, ऑफिसला पोचलो, स्टँडअप मीटिंग झाली, तरी चालूच. १८ इनिंग, सहा तास ३९ मिनिटं. आमच्या फ्रीमनने होमर मारून संपवला तेव्हा कँटीनमध्ये आमची जेवणाची ताटं आली होती. ओहतानी नऊ वेळा बॅटिंगला आला, नऊही वेळा बेसवर पोचला. शेवटी तर ब्लू जेज त्याला मुद्दाम वॉक (न खेळताच पहिला बेस) देत होते. पण माझ्या लेखी हिरो विल क्लाइन. बुलपेनमधला उरलासुरला शेवटचा माणूस, त्याने चार इनिंग एकही रन दिला नाही.

एडिसनकर, २८ ऑक्टोबर

आमच्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते. यंदा कोजागिरी दोनदा झाली म्हणायची.

लेकशोर (टोरांटो), २ नोव्हेंबर

झोप झालेली नाही, शुद्धलेखन चालवून घ्या.

१९९२ आणि १९९३ नंतर आमचे ब्लू जेज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजपर्यंत आले. काल डॉजर्सविरुद्ध सातवा गेम होता. बिशेटने ओहतानीला तीन रनचा होमर मारला तेव्हा तळघरातल्या सोफ्यावर बारा-पंधरा माणसं उड्या मारत होती. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट हवे होते, फक्त दोन, आणि डॉजर्सच्या रोहासने होमर मारला. त्याचं नाव मोठ्या बॅटरांच्या यादीत कोणी घेत नाही. त्याच इनिंगमध्ये आमचे तिन्ही बेस भरलेले, आमचा काइनर-फलेफा होम प्लेटवर (रन पूर्ण होतो त्या जागी) केसाच्या अंतराने आउट. यावर माझं ठाम मत आहे : तो तिसऱ्या बेसला चिकटून उभा होता. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगतात, नॉनस्ट्रायकरने बॉल सुटला की चार पावलं पुढे असावं. कोच म्हणणार, लाइन ड्राइव्ह (सरळ जोरात मारलेला बॉल) पकडली गेली तर डबल प्ले होतो, एकदम दोघे आउट, म्हणून जपून. ठीक आहे. पण एक पाऊल तरी?

मग अकराव्या इनिंगमध्ये त्यांच्या स्मिथचा होमर, आणि त्यांचाच यामामोटो, ज्याने आदल्याच रात्री ९६ पिच टाकले होते, तोच शेवटी बॉलिंगला. ५-४. मध्यरात्र उलटून गेलेली.

घड्याळं एक तास मागे गेली, तेवढाच काय तो फायदा. साडेसहाला उठलो, कारण तिकडे नवी मुंबईत पाऊस थांबून महिला वर्ल्ड कपची फायनल सुरू होत होती. सांगलीची स्मृती, वांद्र्याची जेमिमा. दुपारी दीडच्या सुमारास ५२ रननी जिंकलो आणि रात्री जी माणसं मान खाली घालून घरी गेली होती तीच पेढे घेऊन परत आली. बायको म्हणाली, आता तरी तळघर आवरा.

भाकीत : पुढच्या वर्षी पुन्हा आम्हीच. गेरेरो आहे, येसावेज आहे.

चार्ल्सपलीकडचा, ३ नोव्हेंबर

डॉजर्स. नम्रपणे नोंद घ्यावी.

मिलवॉकीवासी, ३ नोव्हेंबर

एवढे पैसे ओतल्यावर आमचा पर्ड्यूकरही जिंकला असता.

पावसाळी, ३ नोव्हेंबर

पैशांनी क्लाइन नाही आणला, तो बुलपेनमधला शेवटचा माणूस होता. असो. बेसबॉल संपलं, आता सुपर बोलचं (एनएफएलच्या फायनलचं) माझं घ्या : सीहॉक्स. सॅम डार्नॉल्डवर कोणाचाच विश्वास नाही, तीन-चार संघांनी सोडलेला क्वार्टरबॅक. पण डिफेन्स बघा. आजींची पकडीची थिअरी मी ढापली आहे, फक्त संघ बदललाय.

डेन्वरची आजी, ३ नोव्हेंबर

नातू म्हणतो सिएटल आणि डेन्वर वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत, म्हणजे गाठ पडली तर फायनललाच. माझा व्हिसा फेब्रुवारीत संपतो. जावयांना सांगितलं आहे, तिकीट मॅचनंतरचं काढा.