बाजूची चाकं आणि लायसन्स

दिव्यांग माणसाच्या मोपेडला आधाराला बाजूची चाकं लावतात. 'साइडची चाकं लावली तरी गाडी शेवटी मोपेडच, विनागिअरचं लायसन्स पुरते' असं काही जण म्हणतात, ते तेवढं पटलं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकल म्हणजे दुचाकी; सुटी होणारी साइडकार असली तरी ती मोटारसायकलच. पण दिव्यांगासाठी फेरबदल केलेल्या गाडीचा वर्ग वेगळा. आधी 'इन्व्हॅलिड कॅरेज' म्हणत, 2019 च्या दुरुस्तीपासून 'अडॅप्टेड व्हेईकल'. आणि ती गाडी फक्त त्या माणसानं किंवा त्याच्यासाठीच वापरायची.

माझ्या मोठ्या भावाचा डावा पाय पोलिओनं गेलेला. आम्ही चाकं गावातच बसवून घेतली आणि लायसन्ससाठी थेट तालुक्याच्या आरटीओ कॅम्पला गेलो. तिथल्या साहेबांनी आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) पाहिली, "यात बदलाची नोंद कुठं हाय?" आणि परत पाठवलं. दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून आधी आरसीवर नोंद, मग लर्निंग लायसन्स. त्यानंतर 30 दिवसांनी टेस्ट, तीही त्याच गाडीवर.

टेस्टपेक्षा सराव जास्त महत्त्वाचा. ही गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे दुचाकीची सवय उलट आड येते. वेग आधीच कमी करून हँडल वळवावं लागते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर तर बैलगाडीच्या चाकोरीत एक चाक गेलं की गाडी तिकडंच ओढते. भाऊ दोनदा काळ्या मातीत रुतला, तेव्हा शिकला.